थायमसमधील ‘शिक्षण’ : एका रूपकाची चिकित्सा

थायमस ग्रंथीत टी-पेशींना ‘शिक्षण’ मिळते व स्वतःच्या शरीराशी सहिष्णुतेने वागण्यास त्या तेथे ‘शिकतात’, अशी भाषा प्रतिकारशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत रूढ आहे. रूपकावाचून शास्त्राचे चालत नाही, हे मान्य करूनही या रूपकाची चिकित्सा अगत्याची आहे. कारण शास्त्राने त्यागिलेल्या उपपत्तीचा ध्वनी त्यात शिल्लक आहे.

प्रतिजनाच्या साच्यावर प्रतिपिंडास आकार येतो, असे लायनस पॉलिंग यांनी १९४० साली मांडले; म्हणजे प्रतिजन हा गुरू ठरला. १९५७ साली मॅकफार्लेन बर्नेट यांनी याच्या उलट भूमिका घेतली. नानाविध ग्राहक धारण करणाऱ्या पेशी आधीच सिद्ध असतात, प्रतिजन त्यांतून निवड करतो, आणि स्वशरीरावर उठणारे पेशीवंश घडणीच्या काळातच नष्ट होतात. टी-पेशींच्या बाबतीत हा नाश थायमसमध्ये होतो, हे जॉन कॅपलर, फिलिपा मॅरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली उंदरांत दाखविले. शरीराच्या प्रतिजनदर्शक रेणूंशी जिचा ग्राहक जुळतच नाही ती पेशी मरते. स्वकीय अंशाला जी अतिदृढ चिकटते तीही बहुधा मरते. शिकलेला दिसतो तो समुदाय. एकेकटी पेशी उरते किंवा मरते, एवढेच.

स्वकीयास ओळखणाऱ्या काही पेशी मात्र न मरता नियामक बनतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली अशा पेशींची ओळख पटविली. येथे ‘संस्कार’ हा शब्द काहीसा शोभेल. परंतु येथेही पालटते ते पेशीचे कार्य, तिचा ग्राहक नव्हे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ‘शिक्षण’ म्हटले की स्वयंप्रतिकार रोग हे ‘विस्मरण’ ठरते व दोष पेशीच्या माथी येतो. १९९७ साली ओळखले गेलेले ‘एअर’ हे जनुक इतर अवयवांची अनेक प्रथिने थायमसच्या अंतर्भागातील पेशींकडून तयार करवून घेते. ते सदोष असल्यास घातक टी-पेशी निसटतात व परावटू, अधिवृक्क अशा ग्रंथींवर हल्ला होतो. त्या पेशी कोणताही धडा विसरलेल्या नसतात. त्यांना पारखणारी चाळणीच फाटकी असते.

मराठीत उमेदवार निवडतात आणि तांदूळही निवडतात. पहिल्या निवडण्यात घेणे आहे, दुसऱ्यात खडे काढून टाकणे. थायमसमधील दोन्ही क्रिया या एकाच क्रियापदात सामावतात. परिभाषाकारांनी ‘शिक्षण’ सोडून ‘निवड’ स्वीकारणे म्हणूनच अधिक शास्त्रशुद्ध होईल.