'सिंहासन' : पक्षनिष्ठा आणि विवेक

राजकीय पुढाऱ्यांच्या वर्तनाविषयीचे वाद बहुधा पक्षनिष्ठेच्या आधारे निकालात निघतात. स्वपक्षीयाची तडजोड मुत्सद्देगिरी ठरते. प्रतिपक्षीयाची तीच कृती संधिसाधुपणा. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' (१९७७) या कादंबरीचे वैशिष्ट्य असे की, तिने वाचकाचा हा आधारच काढून घेतला आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि त्यांना पदच्युत करू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे एकाच पक्षाचे आहेत. त्यांच्या संघर्षात ध्येयधोरणांना महत्त्व नाही. मोजदाद होते ती पाठीराख्यांची. साहजिकच वाचकाला पक्ष न पाहता कृती पाहूनच निर्णय द्यावा लागतो.

मात्र याच रचनेतून कादंबरीची मर्यादाही संभवते. तत्त्व आणि स्वार्थ यांचा खरा कस भिन्न विचारसरणींच्या संघर्षात लागतो. कामगारपुढारी डिकास्टाच्या रूपाने ती शक्यता निर्माण होते. परंतु त्याचे राजकारणही सत्तेच्या देवघेवीत गुंतते. परिणामी 'सगळे सारखेच' असा सोपा निष्कर्ष काढण्यास वाव मिळतो. हा निष्कर्ष पक्षांधतेहून कमी घातक नव्हे. पक्षांध मनुष्य निदान प्रतिपक्षाची तरी झडती घेतो. सर्वांना एकाच मापाने मोजणारा कोणाचीच घेत नाही.

जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या चित्रपटात सारे जाणणारा पत्रकार दिगू टिपणीस अखेरीस वेड्यासारखा हसतो. ते हास्य राजकारणावरील अंतिम निवाडा नव्हे. निवाडा देण्याचे सोडून दिलेल्या मनाची ती अवस्था होय.