धर्मतुलनेची कसोटी : खापर परिसराच्या निमित्ताने

धर्मांच्या सामाजिक प्रभावाची तुलना सामान्यतः धर्मग्रंथ, संस्थापक आणि आचारसंहिता यांच्या आधारे केली जाते. अक्कलकुवा तालुक्यातील खापरच्या परिसरात या पद्धतीची मर्यादा स्पष्टपणे दृष्टीस पडते. येथून जवळच, गुजरातेतील सागबारा तालुक्यात, देवमोगरा येथे याहामोगीचे स्थान आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत आदिवासी भाविक तिला नवे धान्य आणि मोहाची दारू अर्पण करतात. या धर्माला ग्रंथ नाही. म्हणून तुलनाकारांच्या यादीत त्याला स्थानही नाही. १९३१ च्या जनगणनेत आदिवासी धर्मांची स्वतंत्र नोंद होती. पुढे ती राहिली नाही. १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांनी तर आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरविले.

या मताला डेव्हिड हार्डिमन यांच्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथाने समर्थ उत्तर दिले आहे. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातेतील आदिवासींच्या अंगात ‘देवी’ येऊ लागली. दारू व मांस सोडा, नित्य स्नान करा, पारशी दारूविक्रेत्यांशी व्यवहार ठेवू नका, अशा तिच्या आज्ञा होत्या. याला उच्चवर्णीयांचे अनुकरण म्हणणे सोपे होते. परंतु १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळण्यास बंदी केली, आणि दारूबरोबर आदिवासींची जमीन व श्रमही विक्रेत्याच्या हाती जाऊ लागले. त्यामुळे देवीची आज्ञा ही त्या सत्तेविरुद्ध उचललेले पाऊल ठरते, असे हार्डिमन दाखवितात.

तथापि या उपपत्तीचीही एक मर्यादा आहे. व्रत पाळणारे ‘वरजेला’ आणि ते सोडणारे ‘सरजेला’ अशी फूट लवकरच पडली, हे हार्डिमन स्वतःच नोंदवितात. एक देवी दारू वर्ज्य करते, दुसरी तिचा नैवेद्य स्वीकारते. आणि दोघींचे भक्त एकाच डोंगराळ पट्ट्यातील. सत्तासंघर्षाने पहिलीचा उदय समजतो, दुसरीचे टिकून राहणे समजत नाही. विक्रेत्याची दारू कर्जात लोटते. नैवेद्याची दारू गावाला एकत्र आणते. हा भेद लक्षात घेतल्यास दोन्ही आचारांमागील एकच सामाजिक हेतू उलगडतो.

सारांश, धर्माचा समाजावरील प्रभाव त्याच्या वचनांवरून मोजता येत नाही. आज्ञा कोणी दिली, तिने कोणाचे ऋण फेडले आणि कोणाची सत्ता ढळली, हे पाहिल्यावाचून केलेली तुलना ग्रंथांची होईल, धर्मांची नव्हे.