चेहरा नसलेला नट

बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ (दूरदर्शन, 1988–90) 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा लागले, तेव्हा मी कौरव-पांडवांपेक्षा ‘समय’कडेच कान लावून बसलो. हरीश भिमाणींच्या त्या आवाजाला आपण अजूनही ‘निवेदन’ म्हणतो. मला ते मान्य नाही. ती भूमिका आहे.

मूळ ग्रंथात कथा सांगतात वैशंपायन आणि सौती. समोर जनमेजय किंवा नैमिषारण्यातले ऋषी बसलेले असतात. राही मासूम रझांनी त्यांच्या जागी काळालाच बोलते केले. म्हणजे नटाला ना देह, ना श्रोता. पडद्यावर फक्त फिरते चक्र. लता मंगेशकरांच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करणाऱ्या भिमाणींना समोरच्या सभागृहाची सवय होती. इथे तो आधारही नाही. मग ते काम करतात थांब्यांवर. वाक्य पुरे झाले की घाई नाही. आवाज खालच्या पट्टीत राहतो, खंतावला तरी चढत नाही. आपला कीर्तनकार आख्यानात रडतो, रडवतो. ‘समय’ला ती मुभा नाही. ज्याला शेवट ठाऊक आहे, त्याने चकित कसे व्हावे? (उपदेश लांबला की मीही कंटाळलो, तो दोष संहितेचा.)

पुढे ‘मला लाज वाटत नाही’साठी 63व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत भिमाणींचा गौरव झाला. सदर अर्थातच निवेदनाचे होते.