नांगराशिवायचा समुद्र

तेमारी म्हणजे धाग्यांनी गच्च गुंडाळून वर भरतकाम केलेला जपानी चेंडू. ‘सागरी’ तेमारी म्हटलं की निळ्या पायावर पांढरा नांगर भरलेला दिसतो. मला तो खटकतो. नांगर हे सपाट चित्र. चेंडू अर्धा फिरवला की उरतो नुसता निळा गोळा.

समुद्र खरं तर या कलेच्या आखणीतच आहे. वर एक टाचणी टोचायची, तो उत्तर ध्रुव. कागदाच्या पट्टीने घेर घ्यायचा. पट्टी एकदा दुमडली की दक्षिण ध्रुव सापडतो, दुसऱ्यांदा दुमडली की विषुववृत्त. आकडा एकही लागत नाही. (दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला हे भलतंच आवडतं.) मग ध्रुवापासून आठ रेखावृत्तं. एका रेघेवर ध्रुवाजवळ, पुढच्या रेघेवर लांब, असे टाके घेत गेलं की चार टोकांची चांदणी होते: चार दिशा. दुसरी फेरी एक रेघ सरकवून घेतली की उपदिशा. होकायंत्राच्या तबकडीवरचा तारा, आणि चित्र म्हणून काहीच काढलेलं नाही!

विषुववृत्तावरची पट्टी, म्हणजे ओबी, दोरखंडासारखी पिळदार भरायला माझी हरकत नाही. ती निदान चेंडूला पूर्ण वेढा तरी घालते.