रंगभूमी ते एकचक्रा : आदिपर्वातील शस्त्रविद्येच्या दोन परीक्षा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी लोकश्रद्धा आहे. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातही हाच मान सांगणारे गाव आहे. त्या वादाचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. केळझरच्या परंपरेमुळे बकवधाच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावेसे वाटते, हे महत्त्वाचे. भीमाच्या आहाराची गंमत म्हणून सांगितला जाणारा हा प्रसंग वस्तुतः द्रोणशिष्यांची दुसरी परीक्षा आहे.

पहिली परीक्षा हस्तिनापुरातील. तेथील अध्ययनात प्रथमपासून स्पर्धा आहे आणि ती गुरूच लावतात. प्रचलित पाठानुसार द्रोण इतर शिष्यांना अरुंद तोंडाचे, तर अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचे जलपात्र देऊन पुत्राला अधिक शिकविण्यासाठी वेळ काढतात. अर्जुन वारुणास्त्राने आपले पात्र भरून ही युक्ती निष्फळ करतो. एकलव्याचा अंगठा जातो तो अर्जुनाचे अग्रस्थान अबाधित राहावे म्हणून. कृत्रिम भास पक्ष्याच्या परीक्षेत तर वृक्ष, बंधू आणि आचार्य न दिसणे हीच गुणवत्ता ठरते. या शिक्षणाचे फळ रंगभूमीवर दिसते. भीम-दुर्योधनांच्या गदायुद्धात प्रेक्षकांचे दोन तट पडतात. त्यांना आवरण्यासाठी द्रोणांना अश्वत्थाम्यास पाठवावे लागते. कर्ण आपले कौशल्य सिद्ध करतो, परंतु त्याला कुळ विचारले जाते.

एकचक्रेत प्रेक्षक नाहीत. पांडव ब्राह्मणवेषात भिक्षेवर जगत आहेत; आश्रय देणाऱ्या कुटुंबावर बकासुराकडे बळी पाठविण्याची पाळी आली आहे. कुंती भीमाला पाठविते. युधिष्ठिराला ते प्रथम मान्य होत नाही. (पक्ष्याचा वेध घेणाऱ्या धनुर्धराला येथे काहीच काम नाही, हेही लक्षात घ्यावे.) ओळख लपविण्यासाठी कुंती ब्राह्मणाला बजावते : आपला पुत्र मंत्रसिद्ध आहे, ही गोष्ट बाहेर फुटली तर विद्येच्या लोभाने लोक त्याला त्रास देतील, आणि गुरूच्या अनुज्ञेवाचून दिलेली विद्या फळत नाही. ज्या गुर्वाज्ञेच्या दंडकाने एकलव्य नाडला गेला, तोच दंडक येथे एका मातेच्या तोंडी बचावाची सबब होतो. या विसंगतीकडे सहसा लक्ष वेधले जात नाही; व्यासांची सूक्ष्मता मात्र येथेच आहे.

बकाचे प्रेत नगरद्वारी टाकून भीम कोणाच्या दृष्टीस न पडता परततो. नागरिक एका मंत्रसिद्ध ब्राह्मणाला श्रेय देऊन उत्सव करतात. पुढे कुरुक्षेत्रावर तो दुर्योधनाशी पुन्हा गदायुद्ध करतो, तेव्हा पाहणारे पुन्हा भोवती असतात, आणि मांडीवरील प्रहाराने क्रुद्ध झालेले गदेचे गुरू बलरामही.