जीभ आणि भिंग

दोन वर्षांपूर्वी नाशकात एका प्रवासी दांपत्याच्या छायाचित्रांचे लहानसे प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी मी चार ओळी लिहून दिल्या होत्या. ‘ह्या छायाचित्रांत द्राक्षांची चव उतरली आहे’ असे काहीसे मी त्यांत म्हटले होते. ओळी लोकांना आवडल्या, त्या दांपत्यालाही आवडल्या. आज त्या मागे घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे. टीकाकाराने आपले मत बदलले तर ते त्याने निदान ज्या गावात मांडले त्या गावात तरी सांगावे, एवढीच ह्यामागची भूमिका.

हे दांपत्य कोण, हे सांगण्याचे कारण नाही. दोघांनीही आयुष्यभर नोकऱ्या केल्या, मुलांचे संसार मार्गी लावले आणि मग निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली एक गाडी घेऊन ती दोघे रस्त्याला लागली. थंडीत दिंडोरी आणि विंचूर, पुढे नारायणगाव, अकलूज, कधी थेट बंगळूरजवळच्या नंदी टेकड्या. जिथे वाईन होते तिथे त्यांची गाडी थांबते. गृहस्थ छायाचित्रे घेतात, बाई वाईन चाखतात. गाडी हाकायची असल्यामुळे गृहस्थ पेल्याला स्पर्श करीत नाहीत. बाई चाखतात त्याही गिळत नाहीत. घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात टाकतात. पानाची पिकदाणी आपल्या घरांतून गेली आणि तिचे हे नवे भावंड द्राक्षमळ्यात येऊन बसले, असे मी एकदा विनोदाने म्हणालो होतो.

नाशिकला ह्या गोष्टीचे आता अप्रूप राहिलेले नाही. राजीव सामंत यांनी १९९९ साली ‘सुला’ सुरू केली, २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि पाहता पाहता रामकुंडावर येणाऱ्या माणसांच्या जोडीला गंगापूर धरणाच्या अंगाने जाणारी निराळी वर्दळ सुरू झाली. ह्या दुसऱ्या वर्दळीच्या हातात पेला असतो आणि पेल्यासमोर कॅमेरा असतो. मावळता सूर्य, त्याच्या आड धरलेला तांबडा पेला आणि मागे हिरव्या ओळी, हे चित्र इतक्यांदा घेतले गेले आहे की ते आता कुणीच घेत नाही, आपोआपच घेतले जाते. आमच्या दांपत्याची छायाचित्रे ह्याहून पुष्कळ वरच्या दर्जाची होती, ह्याबद्दल आजही मला शंका नाही. माझी चूक निराळीच होती. ती मला माझ्या मामेभावाने दाखवली.

तो दिंडोरी तालुक्यात वाईनची द्राक्षे पिकवतो. प्रदर्शन पाहायला मीच त्याला नेले होते. त्याने सगळी छायाचित्रे हात मागे बांधून, एकेकासमोर थांबत पाहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “दादा, फोटो झकासच आहेत. पण ह्यात ढग कुठं आहेत?”

मी हसलो, पण प्रश्न घरी बरोबर आला. ज्याने एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी केली आहे, ज्याने डावणी आणि भुरी ह्यांच्या धास्तीने फवारणीचे पंप पाठीवर वागवले आहेत, त्याला जानेवारी-फेब्रुवारीतल्या एका ढगाचा अर्थ कळतो. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात, रस पातळ होतो. तेव्हा चव, चव म्हणून आपण जी म्हणतो तिच्यात त्या वर्षीचा पाऊस असतोच. माझ्या म्हणण्याप्रमाणे छायाचित्रांत चव उतरली असेल, तर पाऊस का उतरला नाही?

ह्याचे उत्तर शोधताना माझ्या लक्षात आले, की डोळा आणि जीभ ही भावंडे असली तरी त्यांचे फारसे सख्य नाही. २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पांढऱ्या वाईनमध्ये वास व चव नसलेला तांबडा रंग मिसळला आणि वाईनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना तिचे वर्णन करावयास सांगितले. त्यांनी तिच्या वर्णनाला तांबड्या वाईनचेच शब्द वापरले. नाक पांढरे सांगत होते, डोळा तांबडे म्हणाला, आणि डोळ्याचे ऐकले गेले. १९७६ साली स्टीव्हन स्पुरिए ह्या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये बाटल्यांची नावे झाकून फ्रेंच परीक्षकांना वाईन चाखावयास दिली, तेव्हा पांढऱ्यांत व तांबड्यांत दोन्हीकडे कॅलिफोर्नियाच्या बाटल्या पहिल्या आल्या. नाव दिसत असते तर तसा निकाल लागला असता असे वाटत नाही. चाखणाऱ्याने खरे बोलावे असे वाटत असेल तर त्याच्या डोळ्यांवर काहीतरी झाकण घालावे लागते. मग ज्या गाडीत एकजण दिवसभर डोळ्याचेच काम करतो आणि दुसरी जिभेचे, तिथे त्या दोघांचा संवाद आहे असे गृहीत धरण्याचा मला काय अधिकार होता?

ही अडचण आपल्याकडच्या जुन्या विचारवंतांना नवी वाटली नसती. भरताने नाट्यातला रस समजावून सांगण्यासाठी दृष्टान्त घेतला तो चित्राचा नव्हे, अन्नाचा. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जेवणाऱ्याला जसे आनंद देते, तसे नाट्य प्रेक्षकाला देते. पुढच्या आचार्यांनी पानकाचा दाखला दिला: साखर, मिरी वगैरे पदार्थ एकत्र केले की त्यांपैकी कशाचीही निराळी न राहिलेली अशी एक चव तयार होते. आपण साहित्याच्या आनंदाला ‘आस्वाद’ म्हणतो, ‘दर्शन’ म्हणत नाही, हे मला आता सूचक वाटते. दर्शन दुरून होते. आस्वाद घ्यायचा तर पदार्थ तोंडात जावा लागतो, म्हणजे तो नाहीसा व्हावा लागतो. छायाचित्र नेमके उलटे करते. ते नाहीसे होणाऱ्याला राखून ठेवते. म्हणून चवीचे छायाचित्र घेता येत नाही. तिचे होऊ शकते ते वर्णन, आणि वर्णन शब्दांत होते.

आणि शब्द त्या गाडीत होते. मामेभावाच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी त्या दांपत्याला भेटावयास गेलो, तेव्हा बाईंची वही पाहण्यात आली. शाळेच्या मुलांची असते तसली, रेघांची, जाड पुठ्ठ्याची. मी ती मागितली तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “ह्यात वाचण्यासारखं काही नाही हो, वाण्याची यादी आहे.”

खरोखरच ती वाण्याची यादी होती. शेनिन ब्लाँपुढे ‘पिकला पेरू, लिंबाची साल, ओली पाटी’. सॉव्हिन्यों ब्लाँपुढे ‘ढोबळी मिरची चिरताना’. शिराझपुढे ‘मिरी, नुकती कुटलेली, मागे जांभळाचा तुरटपणा’. एका महागड्या तांबड्या वाईनसमोर फक्त ‘नवे कपाट’, म्हणजे लाकडाच्या पिंपात ती अंमळ जास्तच मुरली होती. वाचता वाचता माझ्या जिभेला पाणी सुटले, जे त्या सुंदर छायाचित्रांपुढे कधी सुटले नव्हते.

हे शब्द म्हणजे नुसत्या उपमा आहेत असेही कुणी समजू नये. ढोबळ्या मिरचीला आणि सॉव्हिन्यों ब्लाँला तो हिरवा वास येतो तो एकाच जातीच्या द्रव्यांमुळे. काळ्या मिरीचा झणका आणि शिराझचा झणका ह्यांच्या मुळाशीही एकच द्रव्य आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. बाईंनी वहीत ‘मिरी’ लिहिले तेव्हा त्या काव्य करीत नव्हत्या, खरे तेच सांगत होत्या. १९८४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲन नोबल ह्या विदुषीने वाईनच्या वासांचे एक चक्र तयार केले, ते आज जगभर वापरतात. उपयुक्त आहे. पण त्यातली काही फळे आपल्याकडच्या चाखणाऱ्याने जन्मात खाल्लेली नसतात, आणि तरीही तो त्यांची नावे बिनदिक्कत घेतो. पेरू, जांभूळ आणि ओली पाटी म्हणणारी ही वही मला त्या उसन्या नावांपेक्षा जास्त विद्वान वाटते.

आणि ढग? ते वहीत होते. एका पानावर बाईंनी लिहिले होते, की ह्या मळ्यावर जानेवारीत पाऊस झाला, मालकाने घाईने तोडणी केली, आणि रस चाखताना ‘आंबट पुढे, गोड मागेच राहिले’. मर्ढेकरांनी सौंदर्याची चर्चा करताना संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींचा विचार केला. पावसाने बिघडलेला समतोल ह्या बाईंनी पाच शब्दांत पकडला होता. प्रदर्शनात मात्र भिंतीवर छायाचित्रे होती आणि वही गाडीतल्या खणात होती. मीही भिंतच पाहिली.

असे आपल्याकडे पहिल्यांदाच घडलेले नाही, आणि नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर मुळीच नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रकार म्हणून पोट भरले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशकास हलवला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडली, ती धुतली, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. दादासाहेबांचे नाव देशातल्या सर्वांत मोठ्या चित्रपट-पुरस्काराला आहे, ते योग्यच आहे. पण जो हात फिल्मला भोके पाडतो तो त्या फिल्मवर दिसत नाही. चित्राचा हा गुणही आहे आणि अपराधही.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात डॉरोथिया लँग ही छायाचित्रकार आणि पॉल टेलर हा तिचा अर्थशास्त्रज्ञ नवरा ही जोडी उद्ध्वस्त शेतकऱ्यांच्या मागोमाग मोटारीने हिंडत होती. ती चित्रे घेई, तो माणसांशी बोले. बोलणे तीही टिपून ठेवी. १९३९ साली त्यांनी मिळून काढलेल्या पुस्तकात चित्रांखाली त्या शेतकऱ्यांचीच वाक्ये छापली आहेत. लँगचे सर्वांत प्रसिद्ध चित्र, वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावरची ती चिंताग्रस्त आई, १९३६ सालचे. त्या दिवशी लँग एकटीच होती आणि घाईत होती. बाईचे नाव टिपायचे राहिले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली. बेचाळीस वर्षे जगाने तिचा चेहरा पाहिला आणि तिला नाव नव्हते. जोडीतला वही धरणारा हात नसला म्हणजे काय घडते, ह्याला ह्याहून बोलका दाखला मी देऊ शकत नाही.

ह्या साऱ्यात आमच्या गृहस्थांवर अन्याय होऊ नये. प्रदर्शनातले एक छायाचित्र मी पहिल्या वेळी नीट पाहिलेच नव्हते. त्यात सूर्यास्त नाही, मळा नाही. पिंपांच्या अंधाऱ्या खोलीत बाई पेल्यावर वाकलेल्या आहेत आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत. इथे जे चालले आहे ते मला दिसत नाही, असे त्या भिंगाने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. सबंध प्रदर्शनात चवीच्या जवळ जाणारे तेवढे एकच चित्र होते, आणि ते नवऱ्याने बायकोचे काढलेले होते.

तेव्हा माझ्या त्या चार ओळी मी मागे घेतो. त्यांच्याऐवजी एवढेच लिहावे असे वाटते: ही छायाचित्रे अर्धी आहेत, उरलेली अर्धी वहीत आहेत. ह्या थंडीत पुन्हा प्रदर्शन भरवण्याचा त्या दोघांचा विचार आहे. प्रत्येक चित्राशेजारी वहीचे पान लावावे, असे मी त्यांना सुचवले आहे. गृहस्थ लगेच कबूल झाले. बाई अजून नाही म्हणतात. अक्षर वाईट आहे म्हणतात. मामेभावाला मी पुन्हा घेऊन जाणार आहे. त्याला अक्षर वाचता आले म्हणजे झाले.