संस्था आणि प्रयोग : ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ या कॅनडातील दूरचित्रवाणी मालिकेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

रंगभूमीने स्वतःलाच आपला विषय करावा ही परंपरा जुनी आहे. ‘हॅम्लेट’मध्ये फिरत्या नटांची मंडळी राजवाड्यात येते आणि नाटकातल्या नाटकामुळे राजाचे पाप उघडे पडते. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील कारागीर नाटक बसवतात तेव्हा त्यांच्या भाबडेपणावर प्रेक्षक हसतो, तरीही त्यांच्या निष्ठेचा त्याला अव्हेर करता येत नाही. नाटक करणाऱ्या माणसांची फजिती आणि त्यांची निष्ठा एकाच वेळी दाखवणे हे या परंपरेचे मर्म आहे. २००३ ते २००६ या काळात कॅनडात प्रसारित झालेली ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ही विनोदी मालिका याच परंपरेतील एक महत्त्वाची कलाकृती आहे. प्रत्येकी सहा भागांचे तीन हंगाम, म्हणजे एकूण अठरा भाग, एवढाच तिचा विस्तार आहे.

या मालिकेची प्रशंसा प्रामुख्याने कलेच्या बाजारीकरणावरील उपहास म्हणून केली जाते. ही प्रशंसा यथार्थ असली तरी अपुरी आहे. मालिकेची कथा नाट्यसंस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. परंतु ज्या अभिनयाच्या बळावर ही कथा प्रेक्षकाला पटते, तो अभिनय तशाच एका संस्थेने घडवलेला आहे. हा अंतर्विरोध हेच मालिकेचे खरे आशयसूत्र आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी आणि निर्माते

मालिकेतील ‘न्यू बर्बेज’ महोत्सव काल्पनिक आहे. मात्र त्याचे मूळ ओळखणे कठीण नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड हे रेल्वेच्या कारखान्यावर जगणारे छोटे शहर होते. त्या कारखान्याचे भवितव्य धोक्यात आले असताना टॉम पॅटरसन या पत्रकाराने शहरात शेक्सपिअर महोत्सव भरवण्याची कल्पना मांडली. १९५३ मध्ये टायरोन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली आणि अ‍ॅलेक गिनेस यांच्या प्रमुख भूमिकेत ‘रिचर्ड द थर्ड’चा प्रयोग तंबूत झाला. १९५७ मध्ये महोत्सवाला कायमस्वरूपी नाट्यगृह मिळाले. कलेची ओढ आणि गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न या दोन्ही प्रेरणा या महोत्सवाच्या जन्मापासूनच एकत्र नांदत होत्या, ही बाब मालिकेचा विचार करताना विसरता येत नाही.

सूझन कॉइन, बॉब मार्टिन आणि मार्क मॅकिनी या तिघांनी मालिका लिहिली. सर्व भागांचे दिग्दर्शन पीटर वेलिंग्टन यांनी केले आणि निर्मिती ऱ्हॉम्बस मीडिया या संस्थेने केली. तिन्ही लेखकांची जडणघडण वेगवेगळी आहे. कॉइन या अभिजात रंगभूमीवरील अभिनेत्री आणि टोरोंटोतील ‘सोलपेपर’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. मॅकिनी हे ‘द किड्स इन द हॉल’ या प्रहसनकारांच्या चमूतील नट. मार्टिन हे विनोदी रंगभूमीवरील लेखक-नट. तालमीच्या दालनाचे आतून असलेले ज्ञान आणि प्रहसनाची निर्दय नजर यांचा संयोग मालिकेत दिसतो, तो या भिन्नतेमुळे. लेखकांपैकी दोघांनी स्वतःसाठी निवडलेल्या भूमिकाही सूचक आहेत. मॅकिनी व्यवस्थापक रिचर्ड स्मिथ-जोन्स झाले आणि कॉइन कार्यालय सांभाळणारी अ‍ॅना कॉनरॉय. नायकाच्या प्रकाशझोतापेक्षा हिशेबाच्या टेबलामागची जागा त्यांनी पत्करली.

तीन शोकांतिका, तीन अवस्था

जेफ्री टेनंट (पॉल ग्रॉस) हा एकेकाळचा तेजस्वी नट ‘हॅम्लेट’च्या प्रयोगात मानसिकदृष्ट्या कोसळतो आणि न्यू बर्बेज सोडून जातो. सात वर्षांनंतर तो टोरोंटोत एक कंगाल नाट्यसंस्था चालवीत असतो. तिचे फ्रेंच नावच ‘पैशाविना रंगभूमी’ अशा अर्थाचे आहे. त्याचा जुना दिग्दर्शक ऑलिव्हर वेल्स (स्टीफन विमेट) डुकराचे मांस वाहून नेणाऱ्या ट्रकखाली सापडून मरतो आणि महोत्सवाची सूत्रे जेफ्रीकडे येतात. आपली कवटी यॉरिकच्या कवटीच्या जागी वापरावी, अशी ऑलिव्हरची अंतिम इच्छा असते. पुढे त्याचे भूत केवळ जेफ्रीला दिसू लागते आणि तालमीत सूचनाही करू लागते.

प्रत्येक हंगामाच्या केंद्रस्थानी एक शोकांतिका आहे. पहिल्या हंगामात ‘हॅम्लेट’ आहे. प्रमुख भूमिकेसाठी आणलेला हॉलिवूडचा तरुण तारा स्वतःच्या भीतीशी झगडतो, तर महोत्सवाला संगीतिकांच्या करमणूकनगरीत बदलण्याचे कारस्थान पडद्याआड शिजते. दुसऱ्या हंगामात ‘मॅकबेथ’ आहे. तेथे प्रश्न मध्यम वयातील सत्ता आणि अहंकार यांचा आहे, आणि दिग्दर्शकाला जुमानत नसलेला अनुभवी नट हा संघर्षाचा केंद्रबिंदू आहे. तिसऱ्या हंगामात ‘किंग लिअर’ आहे. मरणपंथाला लागलेला वृद्ध नट चार्ल्स किंगमन याला शेवटची एकच भूमिका करायची असते. तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य असा हा क्रम आहे. निवडलेले नाटक आणि मंडळीचे खासगी जीवन एकमेकांवर सावली टाकतात. मात्र लेखक ही समांतरता यांत्रिक होऊ देत नाहीत. जेफ्री हा हॅम्लेटसारखा भुताने पछाडलेला आहे. पण हे भूत सूड मागत नाही, ते चांगला प्रयोग मागते. शोकांतिकेतील घटक उचलून त्याचे प्रयोजन बदलायचे, ही मालिकेची विनोदनिर्मितीची प्रमुख रीत आहे.

उपहासाचे लक्ष्य

या उपहासाचा रोख दोन दिशांना आहे. पहिली दिशा बाजाराची. प्रायोजक कंपनीची प्रतिनिधी हॉली डे, दुसऱ्या हंगामातील जाहिरात सल्लागार संजय (कोल्म फिओर), भेटवस्तूंचे दुकान आणि वर्गणीदारांचे वय यांतून संस्थेची आर्थिक अगतिकता प्रकट होते. संजयची मोहीम तरुण प्रेक्षक मिळवण्यासाठी जुन्या वर्गणीदारांचाच अपमान करते आणि पुढे तो स्वतः तोतया असल्याचे उघड होते. दुसरी दिशा कलेतील ढोंगाची. दिग्दर्शक डॅरन निकोल्स (डॉन मॅकेलर) हा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवताना प्रेमिकांना परस्परांकडे पाहू देत नाही आणि स्पर्शही करू देत नाही. संहितेवर सिद्धान्त लादणाऱ्या या वृत्तीची थट्टा विद्यापीठीय समीक्षेलाही लागू पडते, हे येथे मान्य केले पाहिजे.

या दोन्हींच्या विरुद्ध लेखकांनी तालीम ठेवली आहे. ऑफेलियाचे वेड म्हणजे केवळ फुले आणि गाणी नव्हेत. प्रियकराच्या हातून बाप मारला गेलेल्या मुलीचे ते दुःख आहे, हे जेफ्री नटीला समजावतो तेव्हा विनोद थांबतो. एरवी घाईने चालणारी मालिका अशा प्रसंगी संथ होते आणि शब्दाचा अर्थ नटाच्या शरीरात कसा उतरतो हे प्रेक्षकाला पाहू देते. नाट्यवाचनाची प्रक्रिया इतक्या विश्वासार्हपणे पडद्यावर क्वचितच आली आहे. साहित्याच्या अध्यापकाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कारण येथे अर्थनिर्णय हा अमूर्त चर्चेचा विषय राहत नाही, तो कृतीचा विषय होतो.

‘लिअर’ आणि नटाचे वार्धक्य

तिसरा हंगाम हा मालिकेचा उत्कर्षबिंदू आहे. मराठी वाचकाला येथे वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे (१९७०) स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही कलाकृतींत वृद्ध नट आणि लिअर यांचे नाते आहे. परंतु त्यांची दिशा भिन्न आहे. गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होतात, मिळकत मुलांना वाटून देतात आणि प्रत्यक्ष जीवनातच लिअरच्या अवस्थेला पोहोचतात; त्यांची शोकांतिका कुटुंबात घडते. चार्ल्स किंगमनला वाटण्यासारखे राज्य नाही. त्याच्यापाशी कर्करोगाने पोखरलेले शरीर आहे आणि वेदना सोसण्यासाठी घेतलेले हेरॉइन आहे. त्याचे घर म्हणजे मंडळी, आणि त्याचा राग सहकलाकारांवर, विशेषतः कॉर्डेलियाची भूमिका करणाऱ्या तरुण नटीवर निघतो. शिरवाडकर रंगभूमीबाहेर पडलेल्या नटाचे काय होते हे विचारतात. ही मालिका रंगभूमी सोडू न शकणाऱ्या नटाची किंमत कोण मोजते, असे विचारते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात नटाविषयीच्या करुणेबरोबर त्याच्या स्वार्थाचाही हिशेब आहे.

संगीतिकेला यश मिळताच ‘लिअर’ला दुय्यम रंगमंचावर हलवले जाते आणि अखेर प्रयोगच रद्द होतो. मग करारभंगाचा धोका पत्करून नट चर्चमध्ये एकच प्रयोग करतात. चार्ल्स लिअर साकारतो आणि त्यानंतर त्याचा मृत्यू होतो. महोत्सव डॅरनच्या हाती जातो; जेफ्री आणि अभिनेत्री एलन फॅनशॉ (मार्था बर्न्स) विवाह करून मॉन्ट्रियलकडे निघतात.

कथेची साक्ष आणि नटांची साक्ष

या शेवटाचा सरळ अर्थ असा की, खरी रंगभूमी संस्थेबाहेर, पैशाविना, मूठभर श्रद्धावंतांत जगते. मालिकेची कथा हेच सांगते. परंतु पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते, याचा विचार केल्यास वेगळे चित्र उभे राहते. चार्ल्सची भूमिका विल्यम हट यांनी केली आहे. हट हे १९५३ च्या पहिल्या स्ट्रॅटफर्ड चमूत होते. पुढील दशकांत त्यांनी तेथे लिअरसह शेक्सपिअरच्या अनेक प्रमुख भूमिका केल्या आणि २००५ मध्ये प्रॉस्पेरोच्या भूमिकेने त्या रंगमंचाचा निरोप घेतला. तिसरा हंगाम २००६ मध्ये प्रसारित झाला आणि २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रॉस यांनी २००० मध्ये आणि विमेट यांनी १९९४ मध्ये स्ट्रॅटफर्डच्याच रंगमंचावर हॅम्लेट साकारला होता. फिओर हेही तेथीलच प्रमुख नट.

म्हणजे चर्चमधील त्या गरीब प्रयोगात जो आवाज घुमतो, तो अर्धशतकाच्या अनुदानांनी, वर्गण्यांनी, देणग्यांनी आणि भेटवस्तूंच्या दुकानानेही सांभाळलेला आवाज आहे. पद्याच्या ओळीचा श्वास कोठे घ्यावा, हे ज्ञान एका संस्थेने पिढ्यानपिढ्या नटाकडून नटाकडे पोहोचवले, म्हणून ते त्या एका रात्री उपलब्ध होते. कथा संस्थेविरुद्ध बोलते. नटांचे आवाज आणि शरीरे तिच्या बाजूने साक्ष देतात. या दोन साक्षींतील ताण लेखकांनी सोडवलेला नाही. तो सोडवला असता तर मालिका एक तर प्रचारपट झाली असती किंवा संस्थेची गौरविका.

रिचर्डच्या व्यक्तिरेखेला या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. तो खलपुरुष नाही. त्याला संगीतिका मनापासून आवडतात आणि कोणीतरी आपल्यालाही कलावंत म्हणावे, अशी त्याची लपवलेली इच्छा आहे. शेवटी तो बाजाराची बाजू घेतो तेव्हा प्रेक्षकाला संतापापेक्षा खेद अधिक वाटतो. संस्था वाईट माणसांमुळे बिघडत नाही. भित्र्या आणि दुर्लक्षित माणसांमुळे बिघडते, असे निरीक्षण या व्यक्तिरेखेतून सिद्ध होते.

मर्यादा

मालिकेची प्रमुख मर्यादा तिच्या नायककल्पनेत आहे. जेफ्रीचे वेड हे प्रतिभेचे चिन्ह मानले जाते आणि त्याच्या बेजबाबदारपणाचा भार इतरांनी वाहावा, हे गृहीत धरले जाते. हा भार सर्वाधिक अ‍ॅनावर पडतो. नटांच्या निवासापासून अडकून पडलेल्या पाहुण्या वादकांपर्यंत सर्व अडचणी ती निस्तरते. तरीही तिच्या श्रमाला मालिका विनोदाचा विषय करते, गौरवाचा फारसा करत नाही. कॉइन यांनी ही भूमिका स्वतः लिहिली आणि केली असल्याने तिच्यात एक मूक टीका वाचता येते. पण ती मूकच राहते. त्याचप्रमाणे मूळचा नायजेरियातील दिग्दर्शक असून न्यू बर्बेजमध्ये रखवालदाराचे काम करणारा नाहूम हा शहाणपणाचे चार शब्द बोलतो, मात्र त्याला रंगमंच कोणी देत नाही. शेक्सपिअर सर्वांचा आहे, असे मालिका म्हणते. तो बोलण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हा प्रश्न ती दारापर्यंत आणून सोडून देते.

समारोप

‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’चे यश असे की, नाट्यसंस्थेच्या अडचणी ती बातमीच्या पातळीवर न ठेवता नाट्यानुभवाचा भाग बनवते. तिचा स्वीकार कॅनडापुरता मर्यादित राहिला नाही. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये फर्नांडो मेरेलेस यांच्या पुढाकाराने तिचे ‘सों इ फुरिया’ हे रूपांतर झाले. तिचे महत्त्व केवळ उपहासात शोधणे हे तिला कमी लेखणे होय. संस्थेवाचून परंपरा टिकत नाही आणि संस्थेतच परंपरेचा प्राण गुदमरतो, ही दोन्ही विधाने सत्य असल्याची जाणीव ती देते. ही जाणीव नाट्यसंस्थांपुरती मर्यादित नाही. ज्ञान पिढीकडून पिढीकडे पोहोचवण्याचे काम करणाऱ्या आणि त्याच वेळी अनुदान, प्रवेशसंख्या व प्रतिमा यांच्या चिंतेत असणाऱ्या शिक्षणसंस्थांनाही ती लागू आहे. वर्गातील एखादा तास ‘लिअर’च्या त्या प्रयोगासारखा उत्कट ठरतो, तेव्हा तो संस्थेच्या नियमांना ओलांडून गेलेला असतो, पण त्या तासापर्यंत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही संस्थेनेच आणलेले असते.